लिंबाची फोड आणि दत्ताचा चेहरा

श्याम आगाशे यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सल्ला दिला तो एकदाच, आणि तोही मागितल्यावर.

तसे ते हयातभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. फळ्याकडे तोंड असलं की त्यांचा आवाज खणखणीत यायचा, मुलांकडे वळले की निम्मा व्हायचा. शिक्षकांच्या खोलीत कुणी मत विचारलं तर "दोन्ही बाजू आहेत" म्हणून ते चष्मा पुसायला घ्यायचे. त्यांच्या पत्नी नीरजाताई म्हणायच्या, भाजीवाल्याने कोथिंबीर देऊ का विचारलं तरी हे आधी माझ्याकडे बघतात.

निवृत्तीनंतर पेठेतली जागा सोडून ते दोघं धायरीतल्या एका सोसायटीत राहायला आले. सोसायटीच्या कोपऱ्यात औदुंबराखाली दत्ताचं लहानसं देऊळ आहे. ती सगळी जमीन मूळची वेणूबाईंच्या सासऱ्यांची. मळा बिल्डरला देताना म्हाताऱ्याने एकच अट घातली होती, की औदुंबर तोडायचा नाही आणि त्याच्याखाली दत्त बसवायचा. बिल्डरने जयपूरहून पांढऱ्या संगमरवराची मूर्ती आणवली. तीन मुखं, सहा हात, मागे गाय, पायाशी कुत्री. मधल्या मुखाच्या ओठांच्या कडेला एक बारीकशी रेघ होती, त्यामुळे दत्त हसल्यासारखा दिसायचा. कारागिराने ती मुद्दाम काढली की त्याची छिन्नी सरकली, देव जाणे. वेणूबाई मात्र छातीठोकपणे सांगायच्या, "त्यो माझ्याकडं बगून हसतोय."

वेणूबाईंनाही त्याच सोसायटीत फ्लॅट मिळाला होता. मुलगा दुकान बघायचा, सून नोकरीवर जायची. वेणूबाईंचा जीव फ्लॅटमध्ये रमत नसे. दर गुरुवारी पहाटे त्या देवळात जायच्या, दत्ताला अंघोळ घालायच्या, पंचामृत वाहायच्या, पुन्हा धुऊन कोरडं करायच्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. बाईमाणसाने दत्ताला शिवावं का, अशी कुजबुज सुरुवातीला झाली होती. पण पहाटे उठायला दुसरं कुणीच तयार नव्हतं, तेव्हा कुजबुज आपोआप थांबली.

खडकवासल्याचं धरण तिथून जवळ, पण सोसायटीच्या टाकीत पाणी टँकरचं. तेही कुठल्या तरी बोअरचं, भलतंच जड. नळांच्या तोट्या पांढऱ्या व्हायच्या, गीझर वर्षभरात गळायला लागायचे. तोच पांढरट राखाडी थर हळूहळू दत्ताच्या अंगावरही चढला. वस्त्रांच्या चुण्या बुजल्या, गळ्यातली माळ दिसेनाशी झाली. वेणूबाईंनी चिंच लावून पाहिली नाही, राख लावली नाही. आपल्या मनाने काही करायची त्यांना भीती वाटली. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की आगाशे मास्तर हेच शिकवायचे, म्हणून त्या त्यांच्या दारात आल्या.

आगाशे दोन दिवस विचार करत होते. पाण्याचा क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. जो मळ काढायचा तो आणि देव, दोन्ही एकाच जिनसाचे. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल लावलं तर दोन्ही एकदमच जातील, हेही ठाऊक होतं.

त्यांनी वर्गात कितीदा तरी सांगितलेलं ते त्यांना आठवलं. आम्लाच्या रेणूत हायड्रोजन शेजाऱ्याबरोबर इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेऊन बसलेला असतो. कोरडं असेपर्यंत तो जागचा हलत नाही; लिंबूसताचे खडे दगडावर वर्षभर ठेवले तरी दगडाला काही होत नाही. पाणी आलं की खरा खेळ सुरू होतो. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी येऊन त्या हायड्रोजनला ओढू लागतात. हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र आम्ल असेल तर बंध झटक्यात तुटतो आणि सगळेच्या सगळे हायड्रोजन पाण्याच्या ओटीत जातात. लिंबातलं सायट्रिक आम्ल सौम्य. त्याच्या रेणूत सुटण्याजोगे हायड्रोजन तीन, पण त्यातला पहिला सुटतानाच कां-कू करतो आणि पुढचे दोघे त्याच्याहून चिवट. शंभर रेणूंतले थोडेसेच हायड्रोजन पाण्यात येतात, बाकीचे घर धरून बसतात. "तीव्र आम्ल म्हणजे उधळ्या माणूस," ते मुलांना सांगायचे, "आणि सौम्य आम्ल म्हणजे पुणेकर." वर्षभरात वर्ग हसायचा तो या एकाच वाक्याला.

म्हणून त्यांनी लिंबू सुचवलं. क्षाराचा थर भुसभुशीत, तो आधी जाईल. खालचा संगमरवर घट्ट आणि पॉलिश केलेला, त्याला त्या थोड्याशा हायड्रोजनने काय होणार? "अर्ध्या लिंबाचा रस पाण्यात मिसळा, मऊ कापडाने लावा, थोडं थांबा आणि धुऊन टाका," त्यांनी वेणूबाईंना सांगितलं. किती वेळा करायचं, ते सांगितलं नाही. वेणूबाईंनी विचारलंही नाही.

त्या गुरुवारी दत्त झळाळून निघाला. माळेचा मणी न् मणी दिसू लागला. सोसायटीतली माणसं मुद्दाम खाली उतरून बघून गेली. "आगाशे सरांचं लिंबू" हे नाव तेव्हापासूनच पडलं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं त्यांना नमस्कार करू लागली. नीरजाताईंनी विचारलं, आता काय, बुवा होणार का? आगाशे ओशाळून हसले, पण त्यांना ते गोड लागलं होतं.

पुढच्या गुरुवारी वेणूबाई पूजेच्या ताटात लिंबू घेऊन जाताना त्यांना बाल्कनीतून दिसल्या. त्याच्या पुढच्याही. एकदा केलं ते पुरे, असं सांगायला हवं, हे त्यांच्या मनात आलं होतं. पण खाली जाऊन सांगायचं म्हणजे चारचौघांत बोलायचं, आणि आपणच सांगितलेलं आपणच मागे घ्यायचं. सौम्य तर आहे, असं मनाशी म्हणून ते वर्तमानपत्राकडे वळले. असे किती गुरुवार गेले याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. मूर्तीला मात्र तो कळत होता.

यंदा मार्गशीर्ष लागला आणि दत्तजयंतीच्या तयारीसाठी रविवारी पार्किंगमध्ये बैठक भरली. सोसायटीचा सचिव विश्वजीत हिंजवडीला नोकरी करणारा, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. त्याने स्थापनेच्या दिवसाचा फोटो पडद्यावर दाखवला आणि शेजारी त्याच सकाळी काढलेला. रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते सगळ्यांना एकाच क्षणी दिसलं. बोटं एकमेकांत मिसळली होती. नाकं बोथट झाली होती. मधलं मुख साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं गुळगुळीत दिसत होतं, आणि ओठांच्या कडेची ती रेघ कुठेच नव्हती.

"काकू, तारेच्या घासणीने घासता की काय देवाला?" विश्वजीतने विचारलं. कुणी तरी हसलं.

वेणूबाई खुर्चीवरून उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि फोटोतल्या मुखाकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांनी पंचा वापरते म्हणून सांगितलं, मऊ, धुतलेला. पुढचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. म्हातारपणात हाताचा अंदाज राहत नाही, श्रद्धा आहे पण जोर फार लागतो, असं सगळे अगदी समजुतीने बोलत होते. येत्या गुरुवारपासून अभिषेकाला गुरुजी बोलवायचे, वेणूबाईंनी गाभाऱ्यात जायचं नाही, आणि जयंतीच्या आधी पॉलिशवाला आणून मूर्तीवर यंत्र फिरवून घ्यायचं. लिंबाचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. वेणूबाईंच्याही नाही. त्यांच्या लेखी लिंबू मास्तरांनी सांगितलेलं, त्यात चूक कशी असेल?

आगाशे मागच्या रांगेत नीरजाताईंच्या शेजारी होते. पहिला फोटो गेला आणि दुसरा आला तेव्हाच त्यांना संशय आला होता. मूर्ती घासून झिजते तेव्हा उंचवटे झिजतात आणि खाचा राहतात. इथे खाचासुद्धा गेल्या होत्या, जिथे पाणी साचून राहतं तिथल्या. त्यांनी हात वर करायला घेतला आणि तोच हात चष्म्याकडे नेला. वेणूबाई त्यांच्या शेजारून गेल्या तेव्हा ते बुटांची नाडी बांधत होते.

घरी आल्यावर त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांखालून संगमरवराचा एक तुकडा काढला, ओट्याच्या कामातून उरलेला. काचेच्या वाडग्यात लिंबाचं पाणी केलं आणि तुकडा निम्मा बुडेल असा ठेवला. त्यांची अजून आशा होती. थोडे बुडबुडे येतील, सुटलेले हायड्रोजन संपतील आणि सगळं शांत होईल. मग घासण्याचाच दोष, असं त्यांना म्हणता आलं असतं. बुडबुडे आले, मोहरीहून बारीक. संध्याकाळी येत होते. रात्री जेवताना येत होते. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी वाडगा उचलला, तर एक बुडबुडा सुटून वर आला आणि त्याच्यामागे दुसरा. तुकडा बाहेर काढून त्यांनी अंगठा फिरवला. कोरडी बाजू आरशासारखी होती, बुडालेली खडूसारखी.

त्यात कोडं असं काहीच नव्हतं. पाण्यात आलेले थोडे हायड्रोजन दगड खाऊन टाकतो. तेवढे कमी झाले की समतोल बिघडतो, आणि तो सावरायला घर धरून बसलेल्यांतले आणखी काही बाहेर येतात. दगड खात राहतो, आम्ल सोडत राहतं, आणि शेवटी तीनही हायड्रोजन जातात. तीव्र आम्लाने जेवढा दगड विरघळला असता जवळपास तेवढाच जातो, फक्त फसफसाट न होता, कुणाच्या डोळ्यांवर न येता. समतोलाचा हा धडा पाठ्यपुस्तकात पुढच्या प्रकरणात होता आणि आगाश्यांनी तोही इतकी वर्षं शिकवला होता. ती दोन प्रकरणं त्यांनी एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलीच नव्हती. शिवाय पंचामृतातलं दही होतंच. तेही आम्ल, तेही सौम्य.

नीरजाताई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तुकड्यावर बोट फिरवलं.

"वेणूबाईंना सांगितलंत?"

"सांगणार आहे."

"अहो, त्या कालपासून जेवलेल्या नाहीत. सून सांगत होती. तुमची नाडी बांधून झाली असेल तर खाली जा."

तरी ते गेले नाहीत. मंगळवारी विश्वजीतला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. आगाश्यांना हायसं वाटलं आणि त्या वाटण्याची लगेच लाज वाटली. बुधवारी ते जिन्यापर्यंत जाऊन परतले. काय आणि कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करायचे; प्रत्येक वेळी वाक्याची सुरुवात "तसं पाहिलं तर" अशी व्हायची आणि शेवटी चूक कुणाचीच उरायची नाही. एक गोष्ट त्यांना टोचत होती. तोंड उघडलं तर वेणूबाईंचं नाव धुऊन निघेल, पण मग लिंबू बंद, दही बंद, टँकरचं पाणीही बंद. गुरुवारची ती अंघोळच बंद. ज्यासाठी ती बाई आठवडाभर जगते, ते त्यांच्या खरं बोलण्याने कायमचं जाणार होतं. हे कारण बोलणं लांबवायला फार सोयीचं होतं, आणि ते सोयीचं आहे हेही त्यांना कळत होतं.

गुरुवारी पहाटे ते खाली उतरले. वेणूबाई औदुंबराच्या पारावर बसल्या होत्या, उंबऱ्याच्या अलीकडे. अंघोळ केलेली, हातात काही नाही. मास्तरांना बघून त्यांनी पदर सावरला. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली. काल सांजच्याला दत्तापुढे अंगारा हातात घेऊन शपथ घातली, असं त्या म्हणाल्या. ज्या हातानं देवाचं हसू पुसलं तो हात पुन्हा देवाला लावायचा नाही, मरेस्तोवर. बोलताना त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला होता.

आगाश्यांच्या तयार केलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगाला आलं नाही.

"हात तुमचा नव्हता, वेणूबाई. लिंबू होतं. लिंबाने दगड विरघळतो. मी सांगायला नको होतं, आणि सांगितलं तर थांबवायला हवं होतं."

"म्हंजी म्या घासलं म्हणून न्हाई?"

"नाही."

"आन् तुमाला कवाधरनं ठावं हाय?"

"बैठकीत संशय आला. सोमवारी खात्री झाली."

"आन् आज बेस्तरवार," वेणूबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर आगाश्यांना बरं वाटलं असतं. सोमवारी सांगितलं असतं तर अंगारा डबीतच राहिला असता. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात विश्वजीत गुरुजींना घेऊन आला. ताटात दूध होतं, दह्याचा डबा होता, आणि कौतुकाने चिरून आणलेलं लिंबू. गुरुजींनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, तसे आगाशे त्यांच्या आडवे झाले. अभिषेक करू नका, म्हणाले. आवाज निम्माच निघाला. पुन्हा म्हणाले, तेव्हा पुरा निघाला. मग त्यांनी खिशातला संगमरवराचा तुकडा विश्वजीतच्या हातावर ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मूर्तीवर यंत्र फिरवलं तर उरलंसुरलंही जाईल, हेही सांगितलं. या वेळी त्यांच्या समोर फळा नव्हता.

विश्वजीतने तुकड्याची खडबडीत बाजू नखाने खरवडून पाहिली.

"काका, काकूंनी घासलं म्हणून मी सगळ्या ग्रुपवर टाकून बसलोय. आता काय टाकू? दत्ताला ॲसिडिटी झाली?"

"माझं नाव टाका," आगाशे म्हणाले. "आगाश्यांनी लिंबू सांगितलं, आणि बैठकीत माहीत असून ते गप्प बसले. दोन्ही टाका."

विश्वजीतने त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन पुन्हा खिशात ठेवला. त्याने गुरुजींशी बोलून मार्ग काढला. अभिषेक पितळी पादुकांवर करायचा, मूर्तीला पाणी लावायचं नाही, गुरुवारी कोरड्या मऊ फडक्याने नुसती धूळ टिपायची. मग तो वेणूबाईंसमोर जाऊन वाकला आणि माफ करा म्हणाला, उद्यापासून, नव्हे आत्तापासून, पुसायचं काम तुमचंच.

वेणूबाईंनी मान हलवली. शपथ घातलीय, त्या म्हणाल्या. गुरुजींनी समजावलं, गैरसमजातून घातलेली शपथ बांधत नाही, त्यावर उपाय असतो, एक लहानसं प्रायश्चित्त केलं की झालं. विश्वजीत म्हणाला, आम्ही सगळे सांगतो ना.

"शपथ दत्ताला घातलीया, तुमच्या कमिटीला न्हाई," वेणूबाई म्हणाल्या. "चुकून घातली, पर घातली माझ्याच तोंडानं. ती गिळायची कशी?"

गुरुजींनी पादुका ताम्हनात ठेवल्या. आगाशे पारापाशी उभे होते, आपण निघावं की थांबावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. वेणूबाईंनी कमरेला खोचलेला धुवट पंचा काढला, डाव्या हाताने त्यांच्यापुढे धरला.

"मास्तर पुसतील," त्या म्हणाल्या.

आगाशे म्हणाले, मला हे कधी जमलेलं नाही, घरचे देवसुद्धा नीरजा पुसते. वेणूबाईंनी पंचा मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी तो घेतला, चपला काढल्या, पाय धुऊन पुसले आणि गाभाऱ्यात वाकून शिरले. जवळून मूर्ती ते पहिल्यांदाच पाहत होते. पायाशी बसलेल्या कुत्र्यांचे कान राहिले नव्हते. कमंडलूची कड बोटाला लागत नव्हती. त्यांनी खालून सुरुवात केली, पंचा कसाबसा फिरवत. उंबऱ्याबाहेरून वेणूबाई सांगत होत्या: गाईच्या मागं जावा, तिथं कोळ्यानं घर केलंया, आता माळ, आता खांदं. सहा हात पुसून होईतो आगाश्यांची पाठ भरून आली.

मधल्या मुखापाशी ते थांबले. ओठांच्या कडेला, जिथे रेघ होती तिथे, पंच्यावरून त्यांचं बोट पुन्हा पुन्हा जात राहिलं. काही तरी हाताला लागेल असं त्यांना वाटत असावं.

"दाबू नका, मास्तर," मागून आवाज आला.

त्यांनी बोट उचललं.

दत्तजयंती होऊन गेली तरी दर गुरुवारी पहाटे हे असंच चालू आहे. वेणूबाई उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसतात आणि डाव्या मुखाच्या कानामागं धूळ राहिलीया, असं बजावतात. आगाशे पुसतात. पुसून बाहेर आल्यावर पंचा त्यांच्याकडे देतात, त्या तो झटकून घडी घालतात. मधल्या मुखाची पाळी येते तेवढा वेळ मात्र त्या काही सांगत नाहीत, आणि आगाशेही विचारत नाहीत.